उष्णता, तापमान आणि आंतरिक ऊर्जा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊष्मागतिकीची, म्हणजे उष्णता आणि कार्य यांच्या शास्त्राची, सूत्रं विद्यार्थी पाठ करतात, गणितंही बरोबर सोडवतात. पण ‘या गरम पाण्यात उष्णता किती आहे?’ असं विचारलं की बहुतेक जण लगेच आकडेमोड सुरू करतात. मुळात प्रश्नच चुकीचा आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. खालच्या प्रश्नांतले बरेचसे याच एका गोंधळातून निघालेले आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

गरम पाण्यात उष्णता किती असते?

पाण्यात उष्णता ‘असत’ नाही, त्यामुळे ती मोजताही येत नाही. पाण्यात असते ती आंतरिक ऊर्जा. दोन वस्तूंच्या तापमानांत फरक असला की एकीकडून दुसरीकडे ऊर्जा जाते, आणि जात असते तेवढ्या वेळापुरतंच तिला उष्णता म्हणायचं. पोचली की ती त्या वस्तूच्या आंतरिक ऊर्जेत मिसळते आणि तिची वेगळी ओळख उरत नाही.

थंडीत हात गरम करायचे दोन मार्ग घ्या. तळवे एकमेकांवर जोरात चोळा, किंवा विस्तवासमोर धरा. चोळताना तुम्ही कार्य केलंत (म्हणजे बल लावून काहीतरी हलवलंत), विस्तवाकडून उष्णता आली. दोन्ही वेळा तळहात सारखेच गरम झाले असतील, तर नंतर ते तपासून कोणालाही सांगता येणार नाही की कुठला मार्ग वापरला होता. तळहाताच्या अवस्थेत त्याची काहीच खूण राहत नाही. म्हणून आंतरिक ऊर्जा हा अवस्थेचा गुणधर्म आहे, तर उष्णता आणि कार्य या ऊर्जा पोचवण्याच्या वाटा आहेत. एवढी एक गोष्ट मनात पक्की बसली, तर पुढचं निम्मं काम झालं असं मी मानते.

मग ‘आज उष्णता फार आहे’ असं म्हणणं चूक का?

बोलताना अजिबात चूक नाही. बोलीत उष्णता हा शब्द तापमानासाठीही चालतो आणि ऊर्जेसाठीही. भौतिकशास्त्रात मात्र या दोन कामांसाठी दोन शब्द लागतात. पाठ्यपुस्तकात ‘उष्मा’ दिसला तर गोंधळू नका, तीही उष्णताच.

आंतरिक ऊर्जेत नेमकं काय काय येतं?

पदार्थाचे अणू-रेणू सतत हलत असतात. वायूत ते इकडून तिकडे धावतात, स्वतःभोवती फिरतात. घनपदार्थात जागच्या जागी थरथरतात. या सगळ्या सैरभैर हालचालीची गतिज ऊर्जा आणि रेणूंमधल्या ओढीमुळे व ढकलण्यामुळे असलेली स्थितिज ऊर्जा, यांची बेरीज म्हणजे आंतरिक ऊर्जा.

‘सैरभैर’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. खोलीच्या तापमानाला हवेतले नायट्रोजनचे रेणू सेकंदाला साधारण ५०० मीटर वेगाने धावत असतात, पण सगळे वेगवेगळ्या दिशांना, म्हणून वारा जाणवत नाही. उलट पाण्याची बाटली धावत्या गाडीत ठेवली, तर तिचा प्रत्येक रेणू गाडीबरोबर पुढे जात असतो, तरी पाणी गरम होत नाही. गाडीचा वेग सगळ्या रेणूंना एकाच दिशेने मिळालेला आहे आणि तो आंतरिक ऊर्जेत धरत नाहीत. गाडीने ब्रेक लावले की मात्र ती एकदिश गती ब्रेकच्या पट्ट्यांत आणि चकत्यांत घर्षणाने विस्कटते, आणि त्या तापतात.

एखाद्या वस्तूची एकूण आंतरिक ऊर्जा किती, असा आकडा सहसा कोणी देत नाही. अभ्यासाला लागतो तो तिच्यातला बदल, आणि तो अचूक मोजता येतो.

तापमान जास्त असेल तर ऊर्जाही जास्त, बरोबर ना?

नाही. सहाणेच्या चाकावर लोखंड घासलं की ठिणग्या उडतात. त्या १००० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून गरम असतात, तरी हातावर पडल्या तर बहुतेक वेळा नुसता चिमटा बसल्यासारखं वाटतं. (डोळ्यांची गोष्ट वेगळी, चष्म्याशिवाय तिथे उभं राहू नये.) ठिणगीतला लोखंडाचा कण एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग आहे असं धरू. तो पूर्ण थंड होताना ढोबळमानाने एका ज्यूलच्या हजारांश भागांपैकी चार-पाच भाग एवढीच ऊर्जा देईल. आता १० लिटर कोमट पाण्याची बादली घ्या. ती ४० अंशांवरून ३० अंशांवर आली, तर बाहेर पडते सुमारे ४ लाख १९ हजार ज्यूल ऊर्जा.

तापमान सांगतं की ऊर्जा कुठल्या दिशेने वाहील. आदर्श वायूच्या (ज्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ नाही असं मानलेल्या वायूच्या) बाबतीत ते एका रेणूच्या सरासरी गतिज ऊर्जेचं माप आहे. एकूण ऊर्जा किती हे वस्तुमानावर आणि पदार्थावरही अवलंबून असतं. १ ग्रॅम पाण्याचं तापमान १ अंशाने वाढवायला ४.१८६ ज्यूल लागतात, लोखंडाला साधारण ०.४५, तांब्याला ०.३९.

उष्णता हा एखादा द्रव किंवा पदार्थ नाही, हे कसं कळलं?

हा मला सगळ्यांत आवडणारा प्रश्न, कारण फार हुशार माणसांनीही इथे चुकीची कल्पना बराच काळ धरून ठेवली होती. अठराव्या शतकात ‘कॅलरिक’ नावाचा वजन नसलेला, अदृश्य प्रवाही पदार्थ मानला जाई. गरम वस्तूत तो जास्त, थंड वस्तूत कमी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने त्याला मूलद्रव्यांच्या यादीतसुद्धा जागा दिली होती. ही कल्पना खुळी नव्हती. गरम आणि थंड पाणी मिसळल्यावर येणारं तापमान ती बरोबर सांगत असे.

ती अडली घर्षणापाशी. म्युनिकच्या शस्त्रागारात तोफांच्या नळ्या पोखरण्याचं काम काउंट रमफोर्ड पाहत होता. पोखरताना धातू भयंकर तापे. त्याने बोथट हत्यार घेतलं, नळी पाण्यात बुडवली आणि घोड्यांच्या ताकदीवर ती फिरवत ठेवली. अडीच तासांत, विस्तवाशिवाय, पाणी उकळलं. १७९८ मध्ये त्याने हे मांडलं तेव्हा त्याचा मुद्दा साधा होता: घासत राहाल तोवर उष्णता निघतच राहते, ती संपत नाही. वस्तूत साठवलेला पदार्थ असता, तर कधीतरी संपला असता.

पुढचं पाऊल एका जहाजावरच्या डॉक्टरने टाकलं. युलिउस रॉबर्ट मायर १८४० मध्ये जावाला गेला होता. खलाशांच्या शिरांतून काढलेलं रक्त त्याला नेहमीपेक्षा जास्त लालभडक दिसलं. त्याने तर्क केला की उष्ण हवेत शरीर गरम ठेवायला कमी ‘जळण’ लागतं, म्हणून रक्तातला ऑक्सिजन कमी खर्च होतो. तिथून तो अन्न, उष्णता आणि कार्य यांच्या हिशेबाकडे वळला आणि १८४२ मध्ये त्याने लिहिलं की उष्णता आणि कार्य एकमेकांत ठरावीक प्रमाणात बदलतात.

ते प्रमाण चिकाटीने मोजलं जेम्स प्रेस्कॉट ज्यूलने. तो बिअर बनवणाऱ्या घराण्यातला, मँचेस्टरजवळचा. खाली उतरणारी वजनं पाण्यातली पाती फिरवत, आणि पाण्याचं तापमान किंचित वाढे. किती किंचित, ते पाहा: १ किलो पाण्याला १ अंशाने तापवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढीत १ किलो वजन सुमारे ४२७ मीटर उंच उचलता येतं. म्हणजे वजन दोन-चार मीटर उतरवून अंशाचा अगदी बारीक अंश वाढणार. ज्यूलने तो मोजला, वर्षानुवर्षं मोजत राहिला, आणि १८५० मध्ये प्रसिद्ध केलेला त्याचा आकडा आजच्या आकड्याच्या एक टक्क्याच्या आत आहे. ऊर्जेच्या एककाला त्याचं नाव आहे ते यासाठी.

ऊष्मागतिकीचा पहिला नियम एका ओळीत सांगाल का?

आंतरिक ऊर्जेतला बदल = वस्तूला मिळालेली उष्णता वजा वस्तूने बाहेर केलेलं कार्य.

ओळ झाली, पण नुसत्या ओळीने काही कळत नाही, म्हणून एक हिशेब करू. १०० अंशांवरच्या १ ग्रॅम पाण्याची त्याच तापमानाला वाफ करायची आहे. त्याला २२५७ ज्यूल उष्णता द्यावी लागते. ही सगळी पाण्याच्या आंतरिक ऊर्जेत जाते का? नाही. १ ग्रॅम पाणी जेमतेम १ घन सेंटिमीटर जागा घेतं, आणि त्याची वाफ जवळजवळ १६७० घन सेंटिमीटर. एवढं पसरायचं म्हणजे वातावरणाला ढकलून जागा करायची, आणि त्या ढकलण्यात सुमारे १६९ ज्यूल कार्य खर्च होतं. उरलेले साधारण २०८८ ज्यूल रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात लागतात आणि आंतरिक ऊर्जा म्हणून वाफेत राहतात. हिशेब शेवटच्या ज्यूलपर्यंत जुळतो. ऊर्जा कुठेतरी हरवली असं वाटलं, तर वाट चुकली आहे असं समजून पुन्हा शोधायचं.

काही पुस्तकांत या सूत्रात वजा चिन्ह असतं, काहींत अधिक. कुठलं खरं?

दोन्ही. भौतिकशास्त्रात आणि इंजिनांच्या अभ्यासात ‘वस्तूने केलेलं कार्य’ धन धरायची रीत आहे, म्हणून वजा. रसायनशास्त्रात ‘वस्तूवर केलेलं कार्य’ धन धरतात, म्हणून अधिक. गणिताच्या सुरुवातीलाच एक ओळ लिहून ठेवा की कुठली रीत वापरताय.

उष्णता देऊनही तापमान वाढत नाही, असं कसं?

वितळताना आणि उकळताना हेच होतं. ० अंशांवरचा १ ग्रॅम बर्फ वितळवायला ३३४ ज्यूल लागतात आणि तो सगळा वेळ तापमापी शून्यावरच असतो. ही ऊर्जा रेणूंचा वेग वाढवत नाही. बर्फातली त्यांची घट्ट मांडणी मोडण्यात जाते. म्हणजे आंतरिक ऊर्जा वाढते, फक्त तिचा स्थितिज भाग वाढतो.

याचा एक परिणाम ऐकून विद्यार्थी नेहमी चकित होतात. ० अंशांचा १ किलो बर्फ आणि ८० अंशांचं, हात भाजेल असं १ किलो पाणी एकत्र करा. सरासरी काढून ४० म्हणाल, पण हाती येईल २ किलो पाणी, जवळजवळ ० अंशांचं. गरम पाण्याची ऊर्जा बर्फ वितळवण्यातच खपून गेली.

स्कॉटिश शास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅकने १७६० च्या दशकात ही राशी मोजली. तिला ‘अप्रकट उष्मा’ म्हणतात. नाव जुनं आहे आणि त्यात उष्णता कुठेतरी लपून बसल्याची समजूत आहे. नाव वापरा, समजूत सोडून द्या.

वाफेने भाजणं उकळत्या पाण्याने भाजण्यापेक्षा जास्त गंभीर का, तेही इथेच कळतं. १०० अंशांची वाफ कातडीवर पाणी होते तेव्हा आधी ग्रॅममागे २२५७ ज्यूल देते, आणि मग ते पाणी थंड होताना आणखी देतं.

सायकलचा पंप मारताना तळाशी गरम का लागतो?

थोडी उष्णता घर्षणाची असते, पण मुख्य कारण वेगळं आहे. दट्ट्या आत येत असतो आणि हवेचे रेणू त्याच्यावर आपटून जास्त वेगाने परततात, समोरून येणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू परततो तसे. तुम्ही हवेवर कार्य केलंत आणि तिची आंतरिक ऊर्जा वाढली. झटपट दाबल्यामुळे उष्णतेला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही. अशा क्रियेला अ‍ॅडियाबॅटिक म्हणतात. डिझेल इंजिन यावरच चालतं. हवा मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते विसाव्या भागापर्यंत दाबली जाते, ५०० अंशांच्या वर तापते आणि फवारलेलं डिझेल ठिणगीशिवाय पेट घेतं.

उलट, दट्ट्याला ढकलत पसरणारा वायू थंड होतो. मात्र ‘पसरला की थंड’ असा नियम करू नका. १८४५ मध्ये ज्यूलने तांब्याची दोन भांडी नळीने जोडली. एकात दाबलेली हवा, दुसरं रिकामं, दोन्ही पाण्यात. तोटी उघडली, हवा पोकळीत पसरली, आणि पाण्याच्या तापमानात त्याला फरक आढळला नाही. ढकलायला समोर काही नव्हतं, मग कार्य नाही आणि ऊर्जेचा खर्चही नाही. खऱ्या वायूंत अगदी थोडा फरक पडतो, कारण रेणूंना एकमेकांची ओढ असते. तो दिसण्याइतकं त्याचं उपकरण नाजूक नव्हतं.

एकाच खोलीत लोखंड लाकडापेक्षा थंड का लागतं?

दोघांचं तापमान एकच असतं. लोखंड हातातली ऊर्जा भराभर ओढून नेतं, लाकूड सावकाश. बोटांना तापमानापेक्षा ऊर्जा जाण्याचा वेग जास्त जाणवतो. पांघरूणही असंच: ते ऊब निर्माण करत नाही, आपली ऊर्जा बाहेर पडायला उशीर लावतं. बर्फाची लादी पांघरुणात गुंडाळली तर ती जास्त वेळ टिकते.

‘शून्यावा नियम’ हे काय विचित्र नाव?

दोन वस्तू तिसरीशी उष्णतेच्या समतोलात असतील, तर त्या एकमेकींशीही समतोलात असतात. तापमापीवर विश्वास ठेवता येतो तो यामुळे. बाकीचे नियम आधीच रूढ झाले होते, पण हा त्यांच्याही पायाशी आहे असं लक्षात आलं, म्हणून विसाव्या शतकात त्याला एकाच्या आधीचा आकडा मिळाला.

फ्रीजचं दार उघडं ठेवलं तर खोली थंड होईल का?

खोली बंद असेल तर उलट गरम होईल. फ्रीज थंडी तयार करत नाही, आतली ऊर्जा उचलून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. समजा, त्याने आतून १०० ज्यूल उचलले आणि त्यासाठी ४० ज्यूल वीज वापरली, तर मागून १४० ज्यूल बाहेर येतात. दार उघडं असेल तर १०० आणि १०० ची वजाबाकी होते आणि ४० खोलीत राहतात. बंद खोलीतला पंखासुद्धा हवा किंचित गरमच करतो; आपल्याला बरं वाटतं ते घाम लवकर सुकल्यामुळे.

उष्णता आपोआप थंडाकडून गरमाकडे जात नाही, हा दुसरा नियम. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउसिउसने तो १८५० मध्ये मांडला. फ्रीज तो मोडत नाही, कारण त्यात ‘आपोआप’ काहीच घडत नाही.

इंजिन चांगलं बनवलं तर सगळ्या उष्णतेचं कार्य का करता येणार नाही?

कारागिरीच्या पलीकडची ही मर्यादा आहे. १८२४ मध्ये सादी कार्नो या तरुण फ्रेंच अभियंत्याने दाखवलं की उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते तेव्हाच तिच्यातून कार्य काढता येतं, आणि किती काढता येईल हे फक्त त्या दोन तापमानांवर ठरतं. गंमत म्हणजे तो स्वतः तेव्हा कॅलरिक मानत होता, तरी निष्कर्ष टिकला. १८३२ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, तो पटकीने गेला. त्याच्या कामाचं मोल नंतर केल्विन आणि क्लाउसिउस यांनी ओळखलं.

आजच्या रूपात हिशेब असा: थंड तापमानाला गरम तापमानाने भागा आणि उत्तर १ मधून वजा करा, दोन्ही तापमानं केल्विनमध्ये (सेल्सिअसच्या आकड्यात २७३.१५ मिळवून). वाफ ८०० केल्विन आणि थंड बाजू ३०० केल्विन असेल, तर कमाल कार्यक्षमता ६२.५ टक्के. औष्णिक वीजकेंद्रांत प्रत्यक्षात साधारण ३५ ते ४५ टक्के मिळते. सेल्सिअसमध्ये भागाकार केलात तर उत्तर साफ चुकेल. परीक्षेत ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था, असं शिकलो. ठीक आहे का?

पहिल्या दिवसापुरतं ठीक आहे, पण तिथेच थांबलात तर पसरलेल्या कपड्यांचीही एन्ट्रॉपी मोजायला निघाल. क्लाउसिउसने १८६५ मध्ये हा शब्द घडवला तेव्हा त्याच्यासमोर एक सरळ भागाकार होता: देवाणघेवाण झालेली उष्णता भागिले केल्विनमधलं तापमान.

४०० केल्विनच्या वस्तूतून १००० ज्यूल निघून ३०० केल्विनच्या वस्तूत गेले, आणि दोन्ही वस्तू इतक्या मोठ्या की त्यांचं तापमान बदललं नाही, असं धरा. पहिलीने २.५ एकक एन्ट्रॉपी गमावली, दुसरीने ३.३३ मिळवली. एकूण ०.८३ ने वाढ. ऊर्जा तेवढीच राहिली, पण तिच्यातून कार्य काढण्याची संधी हातची गेली. उलट दिशेने हिशेब करा, एकूण एन्ट्रॉपी घटेल, आणि आपोआप तसं घडत नाही.

घडत का नाही, ते ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमनने मोजणीने दाखवलं. डब्यात वायूचे १० रेणू असतील, तर सगळे एकाच वेळी डाव्या अर्ध्यात असण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. रेणू १०० केले, तर तो आकडा ३१ अंकी होतो. खऱ्या डब्यात रेणूंची संख्याच वीस-बावीस अंकी असते, मग शक्यतेचा आकडा लिहायला कागद पुरणार नाही. बंदी कुठेच नाही. फक्त पसरलेल्या अवस्थेचे प्रकार इतके जास्त आहेत की दुसरं काही दिसतच नाही. एन्ट्रॉपी म्हणजे या प्रकारांच्या संख्येचं, लॉगरिथममधलं, माप. ते सूत्र व्हिएन्नात बोल्ट्झमनच्या समाधीवर कोरलेलं आहे.

मग बीजातून झाड होतं, ते या नियमाविरुद्ध नाही का?

नाही. एन्ट्रॉपी घटत नाही ती बाहेरच्या जगापासून पूर्ण तोडलेल्या व्यवस्थेची. झाड सूर्याची ऊर्जा घेतं आणि भोवताली उष्णता टाकतं. दोन्ही बाजू जमेस धरल्या की एकूण वाढच निघते.

उणे २७३.१५ अंशांच्या खाली जाता येतं का?

तिथे पोचतासुद्धा येत नाही. हा केल्विन मोजपट्टीचा शून्य. जसजसं जवळ जावं, तसतशी उरलेली ऊर्जा काढून घेणं अवघड होत जातं, आणि मर्यादित पायऱ्यांत तो गाठता येत नाही. हे तिसऱ्या नियमाचं एक रूप; त्याचा पाया जर्मन रसायनशास्त्रज्ञ नेर्न्स्टने १९०६ मध्ये घातला. प्रयोगशाळांत एका केल्विनच्या अब्जांश भागापर्यंत आणि त्याहूनही खाली मजल गेली आहे, शून्य मात्र पुढेच राहिला आहे.

‘शून्याला सगळी हालचाल थांबते’ हे पाठ केलेलं वाक्यही तपासून घ्या. पुंजभौतिकीनुसार (क्वांटम भौतिकशास्त्रानुसार) सर्वांत खालच्या अवस्थेतही रेणूंत थोडी हालचाल उरते, फक्त ती काढून घेता येत नाही. हेलियम याची साक्ष देतो. डच भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनेसने १९०८ मध्ये तो सुमारे ४.२ केल्विनला द्रवरूप केला. नेहमीच्या वातावरणदाबाखाली तो कितीही थंड केला तरी गोठत नाही. त्याला घन करायचं, तर वातावरणाच्या साधारण २५ पट दाब द्यावा लागतो.